नंदिक नावाड्याने न मोडलेली हाक

पूर्वी शिलावती नदीच्या काठी तीरपूर नावाचे नगर होते. तेथे उदयवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते आणि लोक त्यांना हितसेन या नावाने ओळखत. तीरपूरला पूल नव्हता. बाजार एका तीरावर, वस्त्या आणि शेते दुसऱ्या तीरावर, त्यामुळे नावेत पाय ठेवल्यावाचून कोणाचेच भागत नसे. काठच्या गाळात भांग आपोआप उगवे. ती कोणी पेरीत नसे आणि उपटीतही नसे.

उपटण्याचा खटाटोप राजाच्या वडिलांनी एकदा करून पाहिला होता. भांग बाळगणाऱ्याला फटके, अशी त्यांनी दवंडी पिटवली. मग शिपाई लोकांच्या माजघरात शिरू लागले, उतरंडी फोडू लागले, आणि ज्याच्याशी वैर त्याच्या परसात रोप खोचून त्यालाच धरून नेऊ लागले. पिणारे मात्र पीतच राहिले. हितसेनांना हे पाहवेना. उदयवर्मा गादीवर येताच ते त्याला म्हणाले, "महाराज, माणसाने काम आटोपून आपल्या ओसरीवर काय प्यावे, हे शिपायाने ठरवू नये. राजाची सत्ता त्याच्या पायरीपाशी थांबावी." राजाने ऐकले. बंदी उठली आणि नगर निवांत झाले.

घाटावरच्या नावाड्यांत नंदिकाचा हात धरणारा कोणी नव्हता. पाण्याखालचा प्रत्येक खडक त्याला ठाऊक होता. या नावाड्यांचा एक जुना नेम होता: पैलतीरावरून कोणी हाक दिली, तर ती मोडायची नाही. जेवत असलात तरी हात धुऊन उठायचे. हाक मोडणाऱ्याच्या घरी कोणी मुलगी देत नसे. नेम इतका चांगला होता, की त्यातही काही खोट असू शकेल असे कोणाच्या मनात आले नाही.

वसंतोत्सवाच्या दिवशी नंदिकाची पाळी नव्हती. त्याने ओसरीवर बसून भांग घोटली, ती प्यायला आणि भिंतीला टेकून सुखाने बसला. कोणाचे काही बिघडवले नव्हते. इतक्यात पलीकडून हाक आली. उत्सवाच्या बाजाराला निघालेली माणसे तीरावर खोळंबली होती, आणि पाळीवरचे सारे नावाडी भर पाण्यात होते. नंदिक उठला. त्याची बायको श्यामा हिने त्याचे कोपर धरले.

"आज नका जाऊ. डोळे बघा तुमचे. पाळीवरचा कुणी परतला की जाईल."

"आणि तोवर काय सांगू? नंदिकाला भांग चढलीय, म्हणून थांबा? जन्मभर हसतील मला."

तो गेला. येताना नाव भरलेली होती. ज्या खडकाला तो लहानपणापासून वळसा घालीत आला, तेथेच त्याचा हात सुकाणूवर क्षणभर उशिरा वळला. नाव उलटली. बहुतेक लोक कसेबसे काठाला लागले. वासुल कोष्ट्याची मुलगी मंजरी मात्र लागली नाही. परकरी पोर होती, बापाने विणलेली वस्त्रे मिरवीत बाजाराला निघाली होती. नाकातून रक्त येईपर्यंत नंदिक बुड्या मारीत राहिला, आणि शेवटी तिला वर घेऊन आला तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

राजा उत्सवाच्या मांडवातून उठून तसाच सभेत आला. नंदिकाला बांधून आणले होते. वासुल एका बाजूला भिजल्या वस्त्रांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसला होता.

पुरोहित म्हणाला, "रोपे मुळासकट उपटा, महाराज. बंदी उठवली तेव्हाच हे व्हायचे ठरले होते."

भांग विकणाऱ्यांचा पुढारी म्हणाला, "ज्याचे अंग त्याची मर्जी. दोष नंदिकाचा, भांगेच्या पाल्याचा नव्हे. एकाच्या चुकीसाठी साऱ्या नगराला का बांधता?"

दोघांनीही हितसेनांकडे पाहिले. बंदी उठवण्याचा सल्ला त्यांचाच होता. मंजरीला घाटावर ठेवले होते तेथे ते जाऊन आले होते, आणि तिची ओली वेणी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दोघांचेही बोलणे अर्धे खरे आहे, हे त्यांना दिसत होते, आणि त्याचेच त्यांना दुःख होत होते.

राजाने मात्र वाट पाहिली नाही. "याच्या गळ्यात धोंडा बांधा आणि त्याच खडकापाशी बुडवा. उद्यापासून ज्याच्या घरी भांग सापडेल, त्याचीही हीच गत."

राजाची जीभ जड होती. शब्द ओढल्यासारखे येत होते आणि डोळे लाल झाले होते. हितसेनांच्या ते लक्षात आले. आता जे विचारायचे त्याने आपले मस्तक जाऊ शकते, हेही त्यांना कळत होते. ते उभे राहिले.

"महाराज, आज आपण भांग घेतली आहे का?"

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. "अमात्य, तुमचे डोके ठिकाणावर आहे ना?"

"आहे, म्हणूनच विचारतो. आपल्या मांडवात आपण काय घेतले, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण आत्ता या माणसाचा जीव आपल्या जिभेवर आहे. त्याला जे घाटावर सांगता आले नाही, ते आपल्याला येथे सांगता येईल का?"

राजाने नंदिकाकडे पाहिले. नंदिकाचे त्याच्याकडे लक्षच नव्हते. तो मान खाली घालून वासुलच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होता. राजाचा हात मुठीवरून खाली आला.

"घेतली आहे," तो म्हणाला. कोणी हसले नाही. "मग आज मला न्याय करता येणार नाही." राजदंड आसनावर ठेवून तो खाली उतरला आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून राजा पुन्हा सभेत आला. त्याने हितसेनांना मत विचारले.

हितसेन म्हणाले, "बंदी नको, हे मी आजही म्हणतो. पण तेव्हा मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली, आणि उरलेल्या अर्ध्यात एक मूल बुडाले. ओसरीवर माणूस मोकळा आहे. पण ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, मग ते सुकाणू असो, हत्तीचा अंकुश असो, वैद्याचे शस्त्र असो की राजदंड, त्याने घेतली असेल तर तोंडाने सांगावे आणि बाजूला व्हावे. त्याला कोणी हसू नये. त्याच्या जागी दुसऱ्याने उठावे. अशा वेळी हाक मोडणे हाच नावाड्याचा नेम असावा. आणि जो लपवील, त्याच्या हातात ती वस्तू पुन्हा कधी देऊ नये."

राजाने तसा निर्णय दिला. नंदिकाचे सुकाणू कायमचे गेले. मग राजाने वासुलला विचारले, "तुझे समाधान झाले का?"

"समाधान कसले, महाराज," वासुल म्हणाला. "याला बुडवून माझी पोर परत येणार नाही. याला जगू द्या, पण घाटावर ठेवा. नाव सोडण्याआधी सुकाणू धरणाऱ्या प्रत्येकाला यानेच विचारावे. याच्या तोंडाकडे बघून कुणाला खोटं बोलवणार नाही."

नंदिकाने हात जोडले. त्याला रडू आवरेना. तेव्हापासून म्हातारा होईपर्यंत तो घाटावर उभा राही आणि प्रत्येक नावाड्याला विचारी, "आज घेतलीस का?" एके दिवशी एक तरणा नावाडी खाली मान घालून म्हणाला, "घेतलीय, दादा. दुसऱ्या कुणाला बसवा." तीरावर गर्दी होती, ऊन चढले होते, तरी लोक मुकाट्याने दुसऱ्या नावाड्याची वाट पाहत उभे राहिले. त्यांत वासुलही होता.

ही पूर्वजन्मीची कथा तथागतांनी उपवनात जमलेल्या भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज आपल्याला हे उपवन देणारा उपासक चंडिल. नंदिक म्हणजे भिक्षू वप्पिल. वासुल म्हणजे वप्पिलाच्या आजारपणात रात्रंदिवस त्याची सेवा करणारा भिक्षू सोमिल. आणि अमात्य हितसेन मी होतो."

"आणि ती मुलगी, भंते?" एका तरुण भिक्षूने विचारले.

"तिचा पुढचा जन्म विचारून तिचे मरण हलके करून घेऊ नका," तथागत म्हणाले. "तिचे मरण जड आहे. ते जडच राहू द्या, म्हणजे सुकाणू धरताना हाताला आठवेल. या सावधपणालाच अप्रमाद म्हणतात."