सर्व्हर गेला आणि मुकिंदा दुकानात होता

एका गावात एक भोळा दीर होता. त्याचं नाव मुकिंदा. अंगानं दांडगा, मनानं लोणी. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही, हीच घरच्यांची मोठी अडचण होती. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. नवी आत आली की जुनी बाहेर पडायची.

मुकिंदाचा थोरला भाऊ ट्रकवर असायचा, म्हणून घर वैजूवहिनी चालवायची. आधी ती कांद्याच्या चाळीत दिवसभर वाकून कांदा निवडायला जायची. मग तिनं घराच्या पुढच्या खोलीत गेमचं दुकान काढलं. चार टीव्ही, चार यंत्रं, समोर चार खुर्च्या. यंत्राचं नाव गरुड. गरुड लावला की इंटरनेटवरून कुठल्याही गावच्या पोराशी लढाई खेळता यायची. कॉलेजची पोरं दाराबाहेर नंबर लावून उभी राहायची. वहिनीची पाठ आता कुठं सरळ झाली होती.

दुसरं दुकान एसटी स्टँडजवळ पोपटरावांचं. त्यांच्याकडं दुसऱ्या कंपनीचं यंत्र होतं, चित्ता. तिकडं फारसं कुणी फिरकत नव्हतं. पोपटरावांना त्याचा राग होता.

आणि एके दिवशी गरुडाचा सर्व्हर गेला. म्हणजे कंपनीचा मोठा कारभार कुठंतरी लांब चालतो, तो बंद पडला. साऱ्या जगातले गरुड एकदम खाली बसले. वहिनीच्या टीव्हीवर नुसता एक गोल फिरत राहिला. कधी सुरू होईल ते कंपनीही सांगेना.

वहिनीनं मनाशी हिशेब केला. पोरं पोपटरावांकडं गेली तर दुकान बंद, आणि पुन्हा कांद्याची चाळ. कंपनीच्या माणसाला गाठायला ती तालुक्याला निघाली. जाताना दिराला म्हणाली,

"भाऊजी, पोरांवर लक्ष ठेवा. खुर्चीवरून कुणाला उठू देऊ नका. उठला तो पोपटरावांकडं गेला म्हणून समजा."

"नाही उठू देत," मुकिंदा म्हणाला.

पोरं आली. त्यांच्यात कैवल्य म्हणून एक होता, गरुडावरचा सेनापती. सोलापूरपासून सावंतवाडीपर्यंतची पोरं त्याचा हुकूम मानायची. तो थोडा वेळ फिरता गोल बघत बसला, मग उठायला लागला. मुकिंदानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. दुसरा उठला, त्यालाही बसवलं. चौघं एकदम उठले तेव्हा मुकिंदा बाहेर गेला, दार ओढलं, कुलूप घातलं आणि पायरीवर बसला.

"मुकिंदादादा, मला घरी जायचंय," आतून अझर नावाचा पोरगा म्हणाला.

"बस की. खुर्ची चांगली आहे."

"जेवण?"

"वहिनीनं उठायचं नाही म्हणून सांगितलंय. जेवणाचं काही बोलली नाही."

संध्याकाळी वहिनी आली आणि तिनं कुलूप काढलं. पोरं धूम घराकडं पळाली.

"अहो भाऊजी," वहिनी म्हणाली, "गिऱ्हाइकाला कोंडतात का? दार सताड उघडं ठेवायचं. जो जाईल त्याला हसत हात जोडायचे. म्हणायचं, या परत, घरच्यांनाही आणा."

मुकिंदानं मान हलवली. नवी गोष्ट आत गेली, जुनी बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी वहिनी गिरणीत दळण टाकायला गेली. दार सताड उघडं होतं. एक शेळी आत आली. तिनं चारी रिमोटांचा वास घेतला आणि कोपऱ्यातल्या एका रिमोटची वायर खायला घेतली. मुकिंदा बघत बसला. वायर संपली. शेळी दाराकडं निघाली. मुकिंदा उठला, हसला, हात जोडले.

"या परत," तो म्हणाला, "घरच्यांनाही आणा."

शेळीनं शब्द पाळला. दुपारी ती आठ-दहा जणींना घेऊन आली. वहिनी दळण घेऊन परतली तेव्हा एक करडू खुर्चीवर उभं होतं आणि मुकिंदा दारात सगळ्यांना वाट करून देत होता.

वहिनीनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि डोक्याला हात लावला.

"भाऊजी, कुणीही आत येईल तर येऊ द्यायचं का? नजर ठेवायची. अनोळखी कुणी वायरीला तोंड नाही तर हात लावायला लागलं, की बोलत बसायचं नाही. काठी घ्यायची आणि पार वेशीपर्यंत हाकलायचं."

"वेशीपर्यंत," मुकिंदा म्हणाला. नवी गोष्ट आत गेली, जुनी बाहेर पडली.

इकडं तालुक्याच्या फेरीला फळ आलं. कंपनीनं खरंच माणूस पाठवला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. सर्व्हर सुरू होईपर्यंत पोरांनी दम धरावा म्हणून तो प्रत्येकाला एकेक नवा खेळ फुकट देणार होता. वहिनी नळावर पाण्याला गेली होती.

"मी गरुड कंपनीकडून आलोय," तो म्हणाला. "आधी जरा कनेक्शन बघतो."

आणि त्यानं वायरीला हात लावला.

मुकिंदा बोलत बसला नाही. त्यानं काठी घेतली. कंपनीचा माणूस शिकलेला होता, त्याला लगेच समजलं. पुढं तो आणि मागं मुकिंदा असे दोघं नळावरून गेले. वहिनीनं दोघांना जाताना पाहिलं. हंडा तिच्या हातातून सुटला. वेस आली तसा मुकिंदा थांबला. कंपनीचा माणूस थांबला नाही.

"तो आपला पाहुणा होता, भाऊजी," वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी हातापाया पडून बोलावला होता. असा बॅगवाला माणूस आला की त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं. त्यानं काही विचारलं की म्हणायचं, चूक आमचीच. मोठ्या मनानं सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. त्यानं माणूस जोडला जातो."

"सगळं अंगावर घेतो," मुकिंदा म्हणाला. नवी गोष्ट आत गेली, जुनी बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी बॅगवाला माणूस आला. पण ते होते पोपटराव. बाजारातून बॅगभर भाजी घेऊन चालले होते, सहज डोकावले. पोरं ओट्यावर सुस्त बसली होती. मुकिंदानं पोपटरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काय रे मुकिंदा, अजून बंदच? झालंय तरी काय?" पोपटरावांनी विचारलं.

"चूक आमचीच."

पोपटरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुमची? इथली?"

"इथलीच."

"अरे, पण सगळ्या जगात बंद आहे म्हणतात."

"जगातली पण आमचीच," मुकिंदा म्हणाला. "मोठ्या मनानं घेतो अंगावर."

अझरनं हे सगळं मोबाइलवर घेतलं आणि चार मित्रांना पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते कुठल्या कुठं गेलं. सावंतवाडीहून एकानं कैवल्यला फोन करून विचारलं, "जगाचा सर्व्हर पाडणारा माणूस तुमच्याच गल्लीत राहतो का रे?"

"समोरच बसलाय," कैवल्य म्हणाला. "शेंगा खातोय."

पोपटरावांनी मग वेळ दवडला नाही. दुकानाबाहेर खडूनं पाटी लिहिली: चित्ता चालू आहे, पहिला खेळ फुकट. पोरांनी पाटी वाचली, एकमेकांकडं पाहिलं आणि उठली.

वहिनी बचत गटाच्या बैठकीतून आली तेव्हा ओटा रिकामा होता. आत मुकिंदा एकटाच फिरता गोल बघत बसला होता.

"पोरं कुठं गेली?"

"पोपटरावांकडं."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच आहे."

वहिनी चप्पल न काढताच स्टँडकडं निघाली. पोरं पोपटरावांच्या दुकानासमोर पारावर तोंडं पाडून बसलेली दिसली. आत चित्ता चालू होता. एक-दोन बारकी पोरं खेळत होती.

"का रे, पाटी वाचून आलात ना?" वहिनीनं विचारलं. "मग बाहेर का?"

कैवल्यनं खाली बघितलं. "वहिनी, तिथं मी शिकाऊ आहे."

"म्हणजे?"

"गरुडावर मी सेनापती. चित्त्यावर नाव घातलं तर म्हणतो, नवीन आहात, आधी बंदूक धरायला शिका. मला तिसरीतल्या पोरानं मारलं. दोनदा."

"ते पोर माझ्या मावशीचं आहे," अझर म्हणाला. "आता घरी सांगणार ते."

"आणि तिथं आमचं कुणीच नाही," कैवल्य म्हणाला. "सोलापूरची पोरं नाहीत, सावंतवाडीची नाहीत. सगळे गरुडाकडं डोळे लावून बसलेत. मी एकट्यानं इकडं येऊन हुकूम कुणाला सोडू?"

"मग परत या की आमच्याकडं."

"तिकडं नुसता गोल फिरतोय, वहिनी. इथं निदान एसटी तरी येते-जाते."

वहिनीच्या ध्यानात आलं. पोरं फुटली नव्हती, पण फुटायच्या बेतात होती. एक जण तिकडं रमला की बाकीचे त्याच्या मागं जाणार. घरी येऊन ती मुकिंदाला शांतपणे म्हणाली,

"भाऊजी, गिऱ्हाईक निघालं की आपण बसून राहायचं नसतं. माझी आई भाजी विकायची. बाई पारावर दिसली की पारावर, विहिरीवर दिसली की विहिरीवर. गिऱ्हाईक जिथं जाईल तिथं मागं जायचं आणि आपला माल त्याच्यापुढं मांडायचा. एकाला सुटू द्यायचं नाही."

"एकाला सुटू देत नाही," मुकिंदा म्हणाला. नवी गोष्ट आत गेली, जुनी बाहेर पडली.

पुढं दोन-चार दिवस तसेच गेले. मग एका दुपारी फिरता गोल थांबला आणि टीव्हीवर गरुडानं पंख पसरले. सर्व्हर आला. वहिनीनं देवापुढं साखर ठेवली, पोरांना निरोप धाडला आणि पेढे आणायला बाजारात गेली.

पोरं धावत आली. चारी टीव्ही चालू बघून कैवल्यच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याचं सेनापतीपद जिथल्या तिथं होतं. एवढ्यात कुणीतरी म्हणालं, अझर कुठाय? अझर त्या तिसरीतल्या पोराचा सूड घ्यायला पोपटरावांकडं बसला होता.

"त्याला घेऊन येऊ, मग सगळे मिळून बसू," कैवल्य म्हणाला, आणि सगळी पोरं स्टँडकडं पळाली.

मुकिंदानं ओट्यावरून पाहिलं. गिऱ्हाईक पोपटरावांकडं चाललं होतं. सगळंच्या सगळं.

तो बसून राहिला नाही. शेजारची हातगाडी आणली. चार टीव्ही, चार गरुड, उरलेले रिमोट, खुर्च्या, दारावरची पाटी, सगळं नीट रचलं आणि गाडी ढकलत स्टँडवर नेली.

पोपटराव दुपारचं जेवून दुकानातच बाजेवर झोपले होते. त्यांची झोप गावात प्रसिद्ध होती. शेजारी हळदीचा बँडबाजा वाजला तरी ते कूस बदलायचे, एवढंच. मुकिंदानं बाजेच्या कडेनं चारी टीव्ही मांडले आणि वायरी जोडल्या.

"इथं आणलंस?" कैवल्यनं विचारलं.

"तुम्ही इथं आलात ना," मुकिंदा म्हणाला.

पोरांनी जास्त विचार केला नाही. सोलापूरची पोरं वाट बघत होती. कैवल्यनं रिमोट हातात घेतला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली.

वहिनी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. खोलीत भिंतीवरचे खिळे तेवढे होते. ती तशीच स्टँडवर आली. पोपटरावांच्या दारावर तिचीच पाटी टांगलेली होती. आत तिची पोरं तिच्या खुर्च्यांवर बसून तिचे गरुड खेळत होती. मधोमध पोपटराव घोरत होते.

"भाऊजी," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय केलंत?"

"एक सुटला नाही, वहिनी. मोजून घ्या."

वहिनीनं एकदा मुकिंदाकडं पाहिलं, एकदा पोपटरावांकडं. माणूस जागा झाला आणि त्यानं आपल्या दुकानातला माल आपलाच म्हटला तर काय करायचं, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

"ऐका," ती कुजबुजली. "मी पुढं जाऊन खोली झाडून ठेवते. तुम्ही इथलं सगळं उचला आणि घरी आणा. आवाज करायचा नाही. मागं काही राहता कामा नये. खिळासुद्धा."

"खिळासुद्धा," मुकिंदा म्हणाला.

कैवल्यनं ते ऐकलं. त्यानं अझरकडं पाहिलं. अझरनं पोपटरावांकडं पाहिलं. आणि दोघं मदतीला लागले.

वहिनीनं खोली झाडली, दारात पाणी शिंपडलं आणि ती वाट बघत उभी राहिली. पहिल्या फेरीला टीव्ही, गरुड आणि खुर्च्या आल्या. पोरांनी भराभर सगळं जागच्या जागी लावलं. चारी खुर्च्या भरल्या, बाकीची पोरं मागं नंबर लावून उभी राहिली. किती दिवसांनी दुकान पहिल्यासारखं दिसत होतं. वहिनीनं पेढ्यांचा पुडा सोडला.

दुसऱ्या फेरीला दोन अनोळखी टीव्ही आले. दोन चित्ते आले. एक टेबलपंखा, एक कॅलेंडर, खडूनं लिहिलेली पाटी, आणि एका डबीत मूठभर खिळे.

"भाऊजी, हे आपलं नाही," वहिनी म्हणाली.

"अजून एक फेरी आहे," मुकिंदा म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या फेरीला तो एकटा नव्हता. चार पोरांनी बाजेचे चार कोपरे धरले होते. वाटेत कुणी बोललं नाही, कारण आवाज करायचा नव्हता. त्यांनी बाज अलगद आत आणली आणि चारी टीव्हींच्या पुढं ठेवली. वहिनीचा हात पेढ्यासकट तसाच वर राहिला.

पोपटरावांनी कूस बदलली. मग डोळे उघडले. समोर त्यांचंच कॅलेंडर होतं, पण भिंत वेगळी होती. त्यांनी पोरांकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं, टीव्हीवरच्या गरुडाकडं पाहिलं.

"मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मुकिंदानं वहिनीच्या हातातला पेढा घेतला आणि त्यांच्या पुढं धरला.

"आमच्याकडं," तो म्हणाला. "एवढे दिवस सर्व्हर बंद होता, पण साऱ्या गावात कंपनी बदलली ती फक्त तुम्हीच."