आचार्यांचा कंटाळा

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक विद्यापीठ होतं. तिथे एक आचार्य वनस्पतींची विद्या शिकवत. तरुणपणी त्यांनी रानंच्या रानं पालथी घातली होती. त्यांची कीर्ती ऐकून एक मुलगी दोन नद्या ओलांडून शिकायला आली. तिला लहानपणापासून पानाफुलांचं वेड होतं. अनोळखी रोप दिसलं की जेवणाचीही शुद्ध राहायची नाही.

पण आचार्यांना आता शिकवण्याचा कंटाळा आला होता. तेच पाठ, तेच श्लोक. खिडकीबाहेर नजर लावून ते सारं एका सुरात म्हणून टाकत, मध्येच जांभई देत. आपला कंटाळा कुणाला कळत नाही, असं त्यांना वाटे. विद्यार्थी मात्र पेंगू लागले. कुणी काही विचारेना. श्लोक सगळ्यांना पाठ, पण अंगणातला अडुळसा ओळखता येईना.

ती मुलगी रोज पुढे बसे. आज तरी आचार्य रानातलं काही सांगतील, म्हणून वाट पाही. वाट पाहता पाहता वर्ष सरलं आणि तिचंही मन उडालं.

एका सकाळी ती बोचकं घेऊन निरोप घ्यायला आली.

"का गं, निघालीस?" आचार्यांनी विचारलं.

"आचार्य, ही विद्या माझ्यासाठी नाही. तुमच्यासारखे गुरू मिळूनही मन लागत नाही. दोष माझाच."

'दोष तुझा नाही, पोरी,' हे शब्द आचार्यांच्या ओठांपर्यंत आले. पण एवढा मोठा आचार्य शिष्येपुढे असं कसं बोलणार? ते म्हणाले, "जशी तुझी इच्छा."

ती नमस्कार करून गेली.

त्या दिवशी त्यांना पाठ घेववेना. कित्येक वर्षांनी ते रानात शिरले. ओढ्याकाठी निळसर देठाचं एक रोप दिसलं, कधीच न पाहिलेलं. ते गुडघे टेकून बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना तिथे नेऊन ते म्हणाले, "याचं नाव मलाही ठाऊक नाही. बघू या."

सगळे वाकले. "आचार्य, पानाला आंबूस वास येतोय!" एकजण ओरडला. मग प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले.

आचार्यांनी मुलीच्या गावी निरोप धाडला : 'कंटाळा माझा होता. परत ये.'

निरोप्या एकटाच परतला. "ती म्हणाली, आता झाडांकडे बघावंसंच वाटत नाही."

तेव्हापासून पाठ सुरू करण्याआधी आचार्य क्षणभर नदीच्या वाटेकडे बघत. मग विद्यार्थ्यांकडे वळत.

तात्पर्य : शिकवणाऱ्याचा कंटाळा शिकणारा आपलाच दोष समजून घरी घेऊन जातो.