दोन झाडांची हाक

माळावर बाभळी दाट होत्या तेव्हाची गोष्ट. ससाणा दिसला की ओरडायचं काम एकट्या कोतवाल पक्ष्याकडे होतं. तो ओरडला की सातभाई पक्षी चोचीतल्या अळ्या टाकून झुडपात शिरत, आणि कोतवाल त्या अळ्या गिळे. सातभाईंची पिल्लं उपाशी राहू लागली.

"दादा, तुझा ससाणा आम्हाला कधी दिसतच नाही," सातभाईंतली थोरली म्हणाली. "आता ज्याला दिसेल त्याने ओरडावं. दुसऱ्या झाडावरून दुजोरा आला, तरच आम्ही उडू."

"मग मी?"

"तूही ओरड की."

एका दुपारी कोतवाल ओरडला. कुणी हललं नाही. तेवढ्यात बोरीवरून खार ओरडली, "खरंय रे, आला!" सगळे झुडपात शिरले. ससाणा रिकामाच गेला.

थोरलीने आपली अळी कोतवालापुढे ठेवली. "घे. ही मात्र तुझ्या हक्काची."