इगिगींचं ओझं

बाबिलोनियातल्या एका नगरात एकदा कालवे खणणाऱ्या मजुरांनी एन्लिल देवाच्या मंदिराला वेढा घातला. नदीला पूर येऊ घातला होता, कालवा गाळाने भरला होता, आणि कामाचं ओझं असह्य झाल्याने त्यांनी आपली फावडी पेटवून दिली होती.

आत नगराधिकारी संतापाने येरझाऱ्या घालत होता. तो मंदिराच्या वृद्ध मुख्य पुरोहितांना म्हणाला, "आचार्य, यांचा म्होरक्या कोण ते मला हवं आहे. अनुन्नाकी देवांच्या नावाने यांना शाप द्या. नाहीतर माझे भालाईत पुढे होतील."

"शाप मी उच्चारतो," त्यांचा शिष्य इद्दिन घाईने म्हणाला. भाग्य ठरवणाऱ्या थोर अनुन्नाकींची नावं त्याला मुखोद्गत होती.

वृद्धांनी दार उघडलं. भालाईतांनी भाले रोखले. जमाव पुढे सरकला. वृद्ध शांतपणे कालव्यापर्यंत चालत गेले, एका मजुराची टोपली ओल्या गाळाने भरून घेतली आणि इद्दिनच्या पाठीवर चढवली.

"बांधावर नेऊन टाक. मग शाप दे."

इद्दिन चढू लागला. टोपलीचा पट्टा कपाळात रुतला, पाय घसरले, श्वास अपुरा पडू लागला. कोणीही हसलं नाही. बांधावर पोचताच तो गुडघ्यांवर कोसळला. शापाचा एक शब्दही त्याच्या तोंडून फुटेना.

वृद्ध म्हणाले, "बाळ, अनुन्नाकी आसनांवर बसले होते तेव्हा नद्या कोणी खणल्या? इगिगींनी. तेही देवच. ओझं सोसवेना, तेव्हा त्यांनी अवजारं जाळली आणि एन्लिलचं घर वेढलं. एन्लिलनेही म्होरक्याचं नाव विचारलं. ते म्हणाले, 'आम्ही सगळेच.' तेव्हा देवपिता अनू म्हणाला, 'यांना दोष का द्यायचा? यांचे कष्ट खरोखरच भारी आहेत.' तेच कष्ट पुढे माणसाच्या वाट्याला आले. आता सांग, शाप कोणाला देणार?"

वृद्धांच्या मागोमाग आलेल्या नगराधिकाऱ्याने चढणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग त्याने एका पिकल्या केसांच्या मजुराला विचारलं, "संध्याकाळपर्यंत कालवा मोकळा होईल?"

"आम्ही एकटे खपलो तर नाही," मजूर म्हणाला. "तुमची माणसं उतरली तर होईल. आणि उद्यापासून कामाच्या पाळ्या लावा."

"लावतो."

एकेक भाला जमिनीवर ठेवला गेला. इद्दिन मात्र कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता केव्हाच कालव्यात उतरला होता.

दाराशी गाऱ्हाणं आलं, की ते कोणी आणलं हे विचारण्याआधी त्याचं वजन पाहावं.