सिसिलीचा भाऊ

इंग्लंडच्या राजाचे पोवाडे गावोगाव गायले जात, पण त्याच्या धाकट्या बहिणीचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. "सिसिली, तुला ओळखतं कोण?" भर मेजवानीत राजा हसला होता आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

लढाईच्या दिवसांत किल्ल्याचा रिवाज कडक. घरच्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही. अशात एका दुपारी चिखलाने माखलेला राजा दाराशी धडकला. मागून शत्रूचे घोडे दौडत येत होते!

"उघडा! मी राजा आहे!"

पहारेकऱ्याने तटावर उभ्या सिसिलीकडे पाहिलं. "बाईसाहेब, ओळखता यांना?"

"ओळखते ना! पण मला कोण ओळखतं? दादा, आधी तू सांग, मी कोण?"

राजा जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे, ती सिसिली! माझी सख्खी बहीण!"

सिसिली खुदकन हसली. "उघडा रे दरवाजा. सिसिलीचा भाऊ आलाय!"