तांबड्या काठाच्या टोपल्या

समुद्राला अगदी खेटून एक गाव होतं, त्या गावातली ही गोष्ट. गावाच्या टेकडीवर एक दगडी दिवा होता. केवढा? अहो, आत दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा! तो पेटला की खवळलेल्या दर्यातही गलबतांना खडक दिसायचे.

त्याला तेल लागायचं भरपूर. म्हणून गावातल्या बाया माडाच्या हिरांच्या टोपल्या विणायच्या आणि त्यांचा काठ तांबडा रंगवायच्या. तांबडा काठ म्हणजे दिव्याची टोपली. तिचे सगळे पैसे तेलाला जायचे. टोपलीची टोपली आणि वर पुण्य, म्हणून लोक आवर्जून तीच घ्यायचे.

बाजारातल्या एका शेटने हे हेरलं. त्याने परगावाहून स्वस्त टोपल्या आणल्या, काठ तांबडे रंगवले आणि दुकानात मांडल्या.

गिऱ्हाईक विचारी, "शेट, दिव्याच्याच ना?"

"काठ दिसत नाही का तुम्हाला?" शेट हसून म्हणे. वर आपण खोटं बोललोच नाही, असं स्वतःला समजावी. लबाड कुठला!

स्वस्तात पुण्य मिळतंय म्हटल्यावर लोक खूश. इकडे बायांच्या टोपल्या मात्र आवडाबायच्या पडवीत साचत गेल्या. आवडाबाय म्हणजे रोज दिवा लावणारी म्हातारी. हळूहळू तिच्या तेलाच्या रांजणाचा तळ दिसला.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी वादळ उठलं. आभाळ काळंठिक्कर झालं. शेट धापा टाकत टेकडीवर आला.

"आवडाबाय, दिवा का नाही लावलास? माझी लेक दर्यात गलबतावर आहे गं! बाळंतपणाला येतेय!"

"तेल कुठाय बाबा? टोपल्या खपल्याच नाहीत."

शेटच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्यामुळे झालं हे. तांबडे काठ मीच रंगवले. पैसे मीच ठेवले."

"मग आता भोग!" वादळ बघून टेकडीवर जमलेल्या बायांमधली एक कडाडली.

आवडाबाय मात्र उठली. "त्या पोरीने काय केलंय? चला गं, पडवी रिकामी करा."

"अगं, एवढी मेहनत जाळायची?"

"दिव्यासाठीच विणल्या ना? मग दिव्यातच जाऊ देत."

बायांनी टोपल्या डोक्यावरून वाहून आणल्या, दिव्यात रचल्या आणि काडी लावली. काय सांगू तुम्हाला! असा जाळ उठला, असा जाळ, की ढगांची पोटं तांबडी झाली. लाटा दिसल्या, खडक दिसले, आणि लांबवर एक शीड दिसलं. सगळा गाव टेकडीवर लोटला होता. गलबत वळलं आणि खडकांना टाळून अलगद खाडीत शिरलं.

शेट आवडाबायच्या पायांवर कोसळला. "सगळे पैसे आणून देतो, आई."

"आण," ती म्हणाली. "पण आधी धक्क्यावर जा. पोरगी घाबरली असेल."

स्वस्त टोपल्या नेणारे लोक तिथेच मान खाली घालून उभे होते. कुणी त्यांना बोललं नाही, पण त्यांचं त्यांना कळलं.

तात्पर्य काय, तर चांगल्या कामाचं नाव लावून स्वतःचा खिसा भरू नये. आणि चांगल्या कामासाठी काही विकत घेताना आपला पैसा तिथवर पोचतो ना, हे विचारायला लाजू नये.