बारशाचा वरवंटा

“किती म्हणालात? शंभरात दोन?”

“दोन.” दौलतरावांनी हे असं सांगितलं, जणू घरात दोन चोर शिरून गेले होते.

मठाचे बुवा पाट्यावर मिरच्या वाटत होते. वरवंटा थांबला नाही.

मठाचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची पडवी. दौलतराव कुलमंडळाचे अध्यक्ष. जातील तिथे त्यांच्यासाठी खुर्ची येते. इथे पोतं आलं. ते बराच वेळ उभे राहिले, मग गुडघे बोलायला लागले तसे बसले.

“रविवारी मंडळाची सभा आहे. सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगणार होतो, की बघा, आमच्या रक्तात थेंबाची भेसळ नाही. म्हणून त्या प्रयोगशाळेत थुंकी पाठवली.”

“थुंकी?”

“हल्ली थुंकीवरून कळतं, कोण कुठला ते.”

“आमच्या वेळी माणूस कुणावर थुंकतो, त्यावरून कळायचं.”

दौलतरावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मठात येऊन रागवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तो पाळायला त्यांना दर वेळी जड जाई.

“सकाळी तिथल्या डॉक्टरचा फोन आला. म्हणे, तुमच्यात शंभरात दोन हिस्से निअँडरथल आहे. माणसाचीच, पण वेगळी जमात. भुवया पुढे आलेल्या, अंगाने आडदांड. गुहांतून राहायची. आता नामशेष. हजारो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांची आणि त्यांची कुठेतरी गाठ पडली, आणि...”

“आणि?”

दौलतराव चुलीकडे बघू लागले.

“आणि मुलं झाली,” बुवांनी वाक्य पुरं केलं.

“मी म्हटलं, चूक असेल, पुन्हा बघा. तर तो हसला! म्हणाला, साहेब, तुमच्यात, माझ्यात, आमच्या शिपायात, सगळ्यांत साधारण तेवढंच निघतं. म्हणजे माझं आणि शिपायाचं...”

“शिपायाने तक्रार केली का?”

वरवंटा फिरत राहिला. मिरचीचा खकाणा दौलतरावांच्या घशात गेला. ते खोकले, डोळे पुसले.

“चेष्टा नका करू बुवा. प्रायश्चित्त सांगा. जप, उपास, काय असेल ते. हे अंगातून जाईल असं काहीतरी.”

“करू. पण तुम्ही एवढ्यासाठी आला नाहीत.”

“विक्रांतच्या मुलीचं आज संध्याकाळी बारसं आहे,” दौलतराव म्हणाले.

विक्रांत त्यांचा मुलगा. त्याने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा दौलतरावांनी मंडळाच्या सभेत उठून जाहीर केलं होतं, की त्या दोघांना आपलं दार बंद. टाळ्या पडल्या होत्या. आता त्याला मुलगी झाली होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना नात नव्हती, यांना होती.

“आज त्याचा फोन आला. या म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, आपला वरवंटा पाठवा. त्याच्या घरात मिक्सर. पाटा-वरवंटा कुठला असणार?”

बुवांनी मान हलवली. बारशाला वरवंट्याला धुऊन-पुसून कुंची घालतात, बाळासारखं नटवतात, आणि बाळाबरोबर पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात देतात. बाळ त्याच्यासारखं टणक व्हावं म्हणून.

“मग?”

“मी नाही म्हटलं. आमच्या कुळातलं एकेक मूल त्या वरवंट्याबरोबर फिरलंय. मीसुद्धा. त्याच्या शेजारी ही... ही कुठली कोण?”

“बघितलीत तिला?”

“नाही.”

बुवांनी बोटाने चटणी एकीकडे सारली.

“ते पहिलं पोर... तुमच्या त्या दोन जमातींचं. कुणाच्या गुहेत जन्मलं?”

“मला काय ठाऊक!”

“गुहेच्या तोंडाशी कुणीतरी बसलेला असेलच. वयाने मोठा. ज्याचा शब्द चालतो असा.”

“असेल.”

“त्याला विचारलं असेल, की हे पोर आत घ्यायचं का.”

“असेल म्हटलं ना.”

“काय म्हणाला असेल तो?”

तो नाही म्हणाला असता, तर आज या पोत्यावर आपण नसतो, हे दौलतरावांना कळत होतं. कळत होतं म्हणूनच संताप येत होता.

बुवा उठले. त्यांनी वरवंटा रांजणाच्या पाण्याने स्वच्छ धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला. दोरीवरची वाळलेली छाटी ओढली, तिच्यात वरवंटा नीट गुंडाळला, आणि दौलतरावांना काही कळायच्या आत त्यांच्या पुढ्यात धरला.

दौलतरावांचे हात पुढे झाले. गाठोडं हातात आलं. चांगलंच वजन होतं.

बुवा पुन्हा पाट्याशी बसून चटणी वाटीत भरू लागले. बाहेर कुणीतरी विहिरीवर कळशी आपटली. दौलतराव दचकले आणि गाठोडं त्यांनी छातीशी घेतलं.

“ठेवा की खाली,” बुवा म्हणाले.

दौलतरावांनी पाट्याकडे पाहिलं, तो मिरचीने लाल होता. फरशीकडे पाहिलं. पायाने पोतं पुढे ओढायला गेले, ते जमेना.

“खाली ओल आहे,” ते म्हणाले.

एक हात गाठोड्याखाली होता. दुसऱ्या हाताचा तळवा वरच्या गोल टोकाखाली होता, ते कलंडू नये म्हणून.

बुवांनी त्या तळव्याकडे पाहिलं.

“दगड आहे, दौलतराव... त्याला मान नसते.”